'द गुड लाइफ' घरच्यांबरोबर कशी बघाल?

माझ्या सासूबाईंना इंग्रजी वाचता येतं, पण ब्रिटिश उच्चार काही केल्या पकडता येत नाहीत. तरी आम्ही दोघींनी 'द गुड लाइफ' या बीबीसीच्या विनोदी मालिकेचे सगळे ३० भाग बघितले. घरातल्या ज्येष्ठांबरोबर ही मालिका बघायची असेल तर आमची पद्धत सांगते.

आधी नात्याची ओळख करून द्या. मालिकेतल्या बार्बराचं काम करणारी फेलिसिटी केंडल ही शशी कपूरची मेहुणी. आईवडिलांच्या फिरत्या नाटक कंपनीबरोबर ती भारतात वाढली. तिची बहीण जेनिफर आणि शशी कपूर यांनी १९७८ मध्ये जुहूला पृथ्वी थिएटर सुरू केलं, आणि ही मालिका संपली तीही त्याच वर्षी. एवढं ऐकल्यावर सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

सबटायटल्स लावा. रोज दोनच भाग, अर्ध्या-अर्ध्या तासाचे.

पहिला भाग (१९७५) चुकवू नका. लंडनच्या नैर्ऋत्येला सर्बिटन नावाचं उपनगर आहे. तिथला टॉम चाळिसाव्या वाढदिवसाला हिशेब मांडतो आणि नोकरी सोडतो. नोकरी कसली, तर नाश्त्याच्या सीरियलच्या पाकिटात टाकायची प्लास्टिकच्या खेळण्यांचे आराखडे काढण्याची! मग तो आणि त्याची बायको बार्बरा बाग खणून भाजी लावतात, शेळी, डुकरं, कोंबड्या पाळतात. शेजारी जेरी आणि त्याची बायको मार्गो. जेरी टॉमच्याच कंपनीतला, वरच्या हुद्द्यावरचा. इथे दोन मिनिटं थांबून समजावून सांगा, की अशा गल्लीत घरापुढची कापलेली हिरवळ म्हणजे घराण्याची अब्रू. हे कळलं नाही तर मार्गो नुसती खडूस वाटते.

पहिल्या भागात मार्गो दिसत नाही, फक्त तिचा आवाज येतो. तो नीट ऐका. "ही बाई दिसणार कधी?" असं सासूबाईंनी तीनदा विचारलं.

माझं कळकळीचं सांगणं एवढंच, की मालिका मार्गोच्या बाजूने बघा. पेनेलपी कीथने तिला इतकं खरं केलंय! कुंपणापलीकडे चिखल, वास, आरडाओरडा. तिची तक्रार रास्तच असते. तरी अडीनडीला ती धावतेच. वाऱ्याच्या आडोशावरून दोन्ही घरांत जुंपते तो भाग लक्ष देऊन बघा. जेरीकडेही लक्ष असू द्या. पॉल एडिंग्टन एक शब्द न बोलता नुसत्या चेहऱ्याने बायको आणि मित्र दोघांनाही सांभाळून घेतो.

नाताळचा भाग (१९७७) मात्र सगळ्यांना बोलावून बघा. झाड ठरल्यापेक्षा लहान निघालं म्हणून मार्गो ते परत पाठवते आणि तिचा सगळा सणच फिसकटतो. मग चौघं टॉमच्या घरी, वर्तमानपत्राच्या टोप्या घालून. आपल्या टोपीला कुठला पेपर वापरलाय याचीही मार्गोला काळजी! सासूबाईंच्या डोळ्यांतून हसून पाणी आलं.

चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग वेगळा ठेवा. चोर टॉम-बार्बराच्या घराची नासधूस करतात. त्या रात्री पुढचं काही लावू नका. आम्ही टीव्ही बंद केला, आणि सासूबाई बराच वेळ मार्गोबद्दलच बोलत राहिल्या.