सृष्टिकथांतली देवी सांगताना या चुका टाळा

नवरात्र जवळ आलं की फोंड्याच्या देवळांत मखराची तयारी सुरू होते आणि इकडे वाचनालयांना, महिला मंडळांना व्याख्यानासाठी विषय लागतो. ‘जगभरातल्या सृष्टिकथांतली आदिमाता’ हा विषय हमखास निघतो. विषय छानच आहे. बिघडतं ते तयारीत. चार व्हिडिओ बघायचे, तियामत, इसिस, गाया, अदिती आणि आपली गोव्याची ग्रामदेवी सांतेर यांची एक मोळी बांधायची आणि ‘सगळीकडे मुळात एकच देवी होती’ असं सांगून टाळ्या घ्यायच्या. मग मागच्या बाकावरचा एखादा निवृत्त मास्तर साधा प्रश्न विचारतो आणि मोळी सुटते. ती कुठे कुठे सुटते, ते पाहू.

कथा अर्ध्यावर सोडणे

तियामत ही बाबिलोनच्या ‘एनूमा एलिश’ या सात मातीच्या पाट्यांवरच्या काव्यातली. सुरुवातीला आभाळाला नाव नाही, भुईला नाव नाही. फक्त अप्सूचं गोडं पाणी आणि तियामतचं खारं पाणी एकमेकांत मिसळलेलं आणि त्यातून देव जन्माला येतात. बहुतेक वक्ते इथेच थांबतात आणि तिला ‘विश्वजननी’ म्हणून हात जोडतात. पण काव्य पुढे बरंच आहे. अप्सूला त्याच्याच वंशातला एआ मारतो. तियामत सूड घ्यायला अकरा राक्षसी जीव निर्माण करते. तरुण देव मर्दुक तिला ठार करतो आणि सुकवायला मासा चिरावा तशी तिला चिरून दोन भाग करतो. ही उपमा मूळ काव्यातलीच आहे; पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, खारे बांगडे भरणाऱ्या गोंयकाराला ती समजावून सांगायला नको. एका भागाचं आभाळ होतं, तिच्या डोळ्यांतून युफ्रेटिस आणि टायग्रिस वाहतात. माणूस घडतो तो तिच्या सेनापतीच्या, किंगूच्या रक्तातून.

म्हणजे या कथेत आई आहे, पण गौरव आहे तो तिला मारणाऱ्याचा. बाबिलोनच्या नववर्षाच्या उत्सवात हे काव्य म्हटलं जाई, आणि आपल्या नगराचा देव सगळ्या देवांचा राजा कसा झाला हे त्यातून ठसवलं जाई. आभाळ-भुईला जन्म देणारी आणि जिच्याशी कुणी लढत नाही अशी आई हवी असेल, तर बाबिलोनच्याही आधीच्या सुमेरची नम्मू घ्या. गल्लत होते ती दोघींची गोष्ट एकत्र सांगितल्याने.

‘आभाळ बाप, भूमी आई’ हे सगळीकडे लावणे

वेदांतल्या द्यावापृथिवी या आभाळ-भुईच्या जोडीमुळे आपल्याला हे इतकं अंगवळणी पडलंय की इजिप्तची कथा सांगतानाही जीभ तिकडेच वळते. तिथे उलट आहे. आभाळ ही नूत, बाई; भूमी हा गेब, पुरुष; मधे दोघांना दूर ठेवणारा शू. नूत संध्याकाळी सूर्य गिळते आणि पहाटे त्याला पुन्हा जन्म देते. सहाव्या रामेसेसच्या थडग्याच्या छतावर तिचं लांबच लांब शरीर रंगवलेलं आहे. स्लाइड लावायची तर ती लावा, पण खाली ‘धरणीमाता’ असं लिहू नका.

‘देवीला देवांनी घडवलं’

सप्तशतीचा दुसरा अध्याय तेवढा वाचलेला असला की ही चूक होते. तिथे सगळ्या देवांचं तेज एकत्र येऊन महिषासुरमर्दिनी प्रकटते, म्हणून ‘ती देवांची निर्मिती’ असा निष्कर्ष काढला जातो. पहिल्याच अध्यायात ऋषी सुरथ राजाला सांगतात, ‘नित्यैव सा जगन्मूर्तिः’, आणि लगेच पुढे म्हणतात की तरीही तिची उत्पत्ती अनेक प्रकारे सांगतात, ती ऐक. ती नित्य आहे हे आधी, प्रकट होण्याच्या कथा नंतर. पहिल्या कथेत तर ती योगनिद्रा होऊन विष्णूच्याच डोळ्यांत बसलेली आहे. ती बाहेर पडल्याशिवाय त्याला मधुकैटभांशी लढता येत नाही.

वेदांबद्दल दोन टोकं ऐकू येतात: वेदांत देवीच नाही, किंवा सगळी देवीच आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं ७२वं सूक्त म्हणतं, अदितीपासून दक्ष झाला आणि दक्षापासून अदिती. आई आधी की मूल, हा गुंता ऋषींनी मुद्दाम तसाच ठेवला आहे. आपण सोडवायला जाऊ नये. १२५व्या सूक्तात वाक् स्वतः ‘मी’ म्हणून बोलते. १२९व्या, नासदीय सूक्तात मात्र देवी नाही. तिथल्या अंधाराला ‘आदिकाली’ म्हणायचा मोह होतो, पण तो आपला, सूक्ताचा नव्हे.

नवी गोष्ट प्राचीन म्हणून खपवणे

कुमारी, माता, वृद्धा अशी ‘त्रिदेवी’ आपल्या सरस्वती-लक्ष्मी-कालीवर चिकटवतात. हे त्रिकूट या रूपात लोकप्रिय केलं रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने, १९४८ साली. लिलिथ ही आदमची पहिली बायको, ही गोष्ट बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात नाही. ती मध्ययुगीन ज्यू लेखनातली आहे. घुबडं आणि सिंह असलेलं जे सुंदर मातीचं शिल्प ‘लिलिथ’ म्हणून फिरतं, त्याला ब्रिटिश म्युझियम ‘रात्रीची राणी’ म्हणतं आणि ती मेसोपोटेमियाची देवी इश्तार किंवा एरेश्किगल असावी असं मानतं. चक्रांचे इंद्रधनुषी सात रंग हीसुद्धा विसाव्या शतकातली पाश्चात्त्य भर.

आणि सांतेर

सर्वांत जास्त चुका घरच्याच देवीबाबत होतात. सांतेर म्हणजे वारूळ, रोयण. वाळवीने उभारलेली, पावसात वाढणारी, नागाला आसरा देणारी लाल माती. कितीतरी देवळांत गाभाऱ्यात आजही तेच आहे. वर मुखवटा चढवलेला असतो, साडी नेसवलेली असते, म्हणून लांबून कळत नाही. वारूळ हे योनीचं, प्रसवणाऱ्या भूमीचं प्रतीक ही मांडणी रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त सविस्तर केली आहे, ती जरूर वाचा. मात्र ती वाचून ‘सांतेर म्हणजे प्रजननदेवता’ एवढंच बोलून बसू नका. गावात ती त्याहून बरंच काही करते: सीमा राखते, मूर्तीला फुलाची पाकळी लावल्यावर कौल देते, जत्रेत कुणाचा मान आधी हे तिच्या दारात ठरतं. व्याख्यानाआधी त्या गावच्या गुरवाशी किंवा महाजनांशी अर्धा तास बोललात तर पुस्तकात नसलेलं हाती लागेल. गाभाऱ्याचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

अनेक गावांत सांतेरीलाच पुढे शांतादुर्गा म्हटलं गेलं. तिथे हरी आणि हर यांचं भांडण मिटवणारी देवी ही नवी कथा आली. दोन्ही थर सांगा. ‘खरी’ कोणती, हा वाद गावात नेऊ नका. तिथे कुणाला तो पडलेला नाही. सुमेरचे लोक गोव्यात आले आणि देवी घेऊन आले, हेही इथे मोठ्या हौसेने सांगितलं जातं. वारुळाची पूजा कोकणात, कर्नाटकात, दख्खनमध्ये सर्वत्र असताना एवढ्या लांब जायचं कारण काय?

आणखी एक: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या सात बहिणींतल्या. त्यांना सप्तमातृका ठरवणारे आहेत, सात चक्रं ठरवणारेही आहेत. सप्तमातृकांची नावं ठरलेली आहेत, ब्राह्मीपासून चामुंडेपर्यंत, आणि यांतली एकही त्यांत नाही. शिवाय या बहिणींतली एक म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मरियम, जिला फेस्ताला हिंदूही तेल वाहतात. तिला कोणतं चक्र देणार? ही गोष्ट गावांच्या नात्याची आहे. योगशास्त्रात ती बसवायला गेलं की नातं तेवढं गळून पडतं.

बाईचा आकार दिसला की ‘मातृदेवी’

ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला १९०८ साली सापडलेली मूर्ती जेमतेम ११ सेंटिमीटरची आहे, चुनखडीची, तांबड्या गेरूने माखलेली. ती देवी होती, ताईत होता की आणखी काही, हे सांगणारा एक शब्दही त्या काळातून आलेला नाही. गोव्यात रिवणजवळ कुशावतीच्या काठी उसगाळीमळला जांभ्यावर कोरलेल्या चित्रांत बैल आहेत, हरणं आहेत, माणसं आहेत, गोल गोल फिरत जाणारी चक्रव्यूहासारखी आकृती आहे. एका स्त्रीआकृतीला मातृदेवी म्हणतात. म्हणा, पण ‘मानतात’ हे क्रियापद जोडून. आणि चक्रव्यूहाला कुंडलिनी करू नका.

देवी मोठी, म्हणून त्या समाजात बाईही मोठी असणार, हेही असंच गृहीत. बाखोफेन या स्विस अभ्यासकाने १८६१मध्ये मातृसत्तेची कल्पना मांडली, तेव्हापासून ते चालत आलं आहे. गोव्यात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही: देवीच्याच देवळांत भाविणी आणि कलावंतिणी पिढ्यान्‌पिढ्या सेवेला बांधलेल्या होत्या, आणि ती प्रथा मोडायला गेल्या शतकात त्यांच्याच समाजाच्या संघटनेला, गोमंतक मराठा समाजाला, झगडावं लागलं. आदिशक्तीवर बोलताना हे वगळलं तर श्रोत्यांतल्या काही जणींना ते टोचणारच.

श्रीयंत्र न मोजता लावणे

श्रीयंत्र म्हणजे देवीच्या पूजेतली त्रिकोणांची आकृती. इंटरनेटवरची तिची निम्मी चित्रं हौशी आहेत, त्यामुळे आधी मोजा. मोठे त्रिकोण नऊ: ‘चतुर्भिः श्रीकण्ठैः शिवयुवतिभिः पञ्चभिरपि’ असं सौंदर्यलहरी सांगते, म्हणजे चार शिवाचे, पाच शक्तीचे. टोक वर की खाली यावरून घाईने ‘उलटं छापलंय’ म्हणू नका. पूजेच्या पद्धतीप्रमाणे यंत्राची दिशा बदलते. पाचांचा गट शोधा, तो शक्तीचा. नवांच्या छेदातून लहान त्रिकोण ४३ यायला हवेत: बाहेरून आत १४, १०, १०, ८ आणि मधला एक. एखादा कमी भरला किंवा तीन रेषा जिथे एका बिंदूत मिळायला हव्यात तिथे बारीकसा जादा त्रिकोण उमटला, तर रेखाटन चुकलंय, दुसरं चित्र घ्या. दोनच त्रिकोण एकमेकांत असतील तर तो षट्कोण. तो श्रीयंत्र नाही. बाहेर आठ पाकळ्या, मग सोळा, मग चार दारांचा भूपुर, म्हणजे बाहेरची चौकोनी चौकट. सगळं बरोबर असून पडद्यावर विचित्र दिसत असेल तर पाकळ्यांभोवतीची वर्तुळं बघा. ती लंबगोल दिसली तर प्रोजेक्टरने चित्र ताणलंय, सेटिंगमध्ये लांबी-रुंदीचं प्रमाण मूळ चित्राइतकं करा.