पिकअपला टायर घ्यायला जाताना काय काय बघायचं (आणि तारीख बघा!)

२०२३ चा जुलै. कल्याणला टोमॅटो उतरवून रिकामी पिकअप घेऊन माळशेज चढत होतो, पाऊस रिपरिप, धुकं एवढं की वायपर चालू असून पुढची गाडी फक्त लाल दिव्यावरून कळतेय, आणि एका वळणावर गाडीचं ढुंगण सरळ बाहेर. स्पीड म्हणाल तर पस्तीसच्या आत. टायर एक महिन्याचे, नक्षी कोरी करकरीत. डोंगराकडच्या गटारीत मागचं चाक गेलं म्हणून आज हे टाईप करतोय. त्या दिवशी जे चुकलं ते खाली येईल, आणि परत परत येईल, कंटाळू नका.

घरातून निघायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बोलेरो पिकअप घ्या नाहीतर तसली कुठलीही टू-व्हील ड्राइव्ह गाडी (चारातली दोनच चाकं ओढतात ती), जोर मागच्या चाकांना आणि इंजिनाचं वजन पुढं. साठ क्रेट भरले, एक क्रेट वीस किलोचं, म्हणजे बाराशे किलो मागं बसलं की गाडी रस्त्याला चिकटून चालते. रिकामी झाली की तीच गाडी नाचते. लोक उलटं समजतात, भरलेल्या गाडीची काळजी करतात आणि येताना रिकामी आहे म्हणून दाबतात. म्हणजे टायर निवडताना विचार करायचा तो रिकाम्या फेरीचा.

साईज: जी आहे तीच. मोठा टायर टाकला की दिसायला भारी पण गिअर जड होतो आणि स्टेअरिंग पूर्ण कापलं की घासतो. लोड: कारचा टायर स्वस्तात मिळतोय म्हणून टाकू नका, एलटी (लाईट ट्रक, म्हणजे छोट्या मालगाडीचा) लिहिलेलाच घ्या आणि प्लाय रेटिंग, म्हणजे टायर किती वजन झेपेल इतका दणकट आहे त्याचा आकडा, कंपनीनं दिलंय त्याच्या खाली नको. आयएसआय मार्क असतोच, तरी बघा. झालं.

आता तारीख. टायरच्या साईडला एका लांबट गोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या टायरवर होतं १४१९. म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा, एप्रिलची सुरुवात. मी घेतले २०२३ च्या जूनमध्ये! चार वर्षं दोन महिने शिळे. दुकानदारानं जोडीमागं हजार रुपये कमी केले तेव्हाच डोक्यात ट्यूब पेटायला पाहिजे होती, पण मी खूश, घरी येऊन सांगितलं पण की घासाघीस कशी केली. ते टायर दुकानाच्या बाहेर थप्पीला लागलेले, रोज ऊन खात, वरून काळं पॉलिश मारून चकाचक. नुसतं वय झालं म्हणून टायर वाया जातो असं नाही, आत सावलीत ठेवलेला टिकतो, पण चार उन्हाळे बाहेर काढलेलं रबर कडक होतं आणि कडक रबर ओल्या डांबरावर धरत नाही. नक्षी कितीही खोल असू दे.

आणि हे आकडे बहुतेक वेळा टायरच्या एकाच बाजूला असतात. ती बाजू आतल्या अंगाला गेली की टायर लावून झाल्यावर तुम्हाला काही दिसणार नाही, गाडीखाली झोपावं लागेल. मला पण दिसलं नव्हतं. ओतूरला पंक्चरवाल्या पोरानं चाक काढून आडवं टाकलं, मोबाईलची बॅटरी मारली, बोटानं चिखल पुसला आणि म्हणाला "दादा, हे बघा, शिळा माल गळ्यात मारलाय तुमच्या." म्हणून रिमवर चढवायच्या आधी बघायचं. दोन्ही टायरचं बघायचं, एकाचं बघून दुसऱ्याचं तसंच असेल असं धरायचं नाही. दुकानदार म्हणेल तो बॅच नंबर आहे. नाही. म्हणेल चौदा म्हणजे महिना. महिने बाराच असतात, हे त्यालाच सांगा. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षापर्यंत चालेल, दोन वर्षांच्या पुढचा असला तर चहा पिऊन दुसऱ्या दुकानात जा.

नक्षी. लोक सगळ्यात जास्त वाद यावर घालतात. उभ्या रेघांचा तो रिब, आडव्या जाड गोट्यांचा तो लग, मधला सेमी-लग. पुढं रिब टाका, स्टेअरिंग नीट ऐकतं. मागं काय टाकायचं ते तुमची गाडी फिरते कुठं त्यावर. बांधावरचा कच्चा रस्ता, मुरूम, खडी असेल तर मागं सेमी-लग, डोळे झाकून. पूर्ण लग चिखलात भारी ओढतो पण हायवेला घोंगावतो, लवकर झिजतो, डिझेल खातो, आणि ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं म्हणून ब्रेकला गाडी लांब जाते. दहा फेऱ्यांतल्या आठ डांबरावर असतील तर कशाला? शेजारच्यानं टाकले म्हणून टाकू नका, त्याची गाडी नदीतून वाळू काढते.

काळ्या मातीबद्दल एकदाच सांगतो. पाऊस पडल्यावर ती माती नक्षीत अशी बसते की दोन फेऱ्यांत टायरचा गुळगुळीत लाडू होतो. मोकळ्या खाचांचा टायर फिरताना थोडी माती झटकतो, बारीक नक्षीचा नाही झटकत. पण ओल्या रानात टू-व्हील पिकअप कुठल्याच टायरनं जात नाही. माल बांधापर्यंत ट्रॅक्टरनं आणा. रुतल्यावर पण ट्रॅक्टरच बोलवायचाय ना.

रेडियल की नायलॉन? (आतल्या दोऱ्यांची बांधणी, रेडियलमध्ये सरळ आडवी, नायलॉनमध्ये तिरपी.) डांबर जास्त असेल तर रेडियल, ओल्यात बरा धरतो. दगडधोंडे आणि ओव्हरलोड असेल तर लोक नायलॉन घेतात, साईड दणकट असते. ओव्हरलोड करूच नका हे मी सांगून कोण ऐकणार. फक्त एका एक्सलला (डाव्या-उजव्या चाकांच्या जोडीला) एक रेडियल एक नायलॉन असलं काही करू नका.

जोडी बदलताना मागची दोन्ही एकदम बदला. डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा गिअर) साधा असतो, एक चाक जागेवर फिरायला लागलं की तेच फिरत राहतं आणि दुसरं निवांत उभं राहतं, त्यामुळं एक नवा एक झिजलेला म्हणजे झिजलेल्याच्या बळावरच गाडी. नक्षीच्या खाचेत मधे मधे रबराचा छोटा उंचवटा असतो, त्याला टेकली की कायद्यानं पण टायर संपला, १.६ मिमी. पावसाळ्यात एवढी वाट बघू नका, आमच्या घाटात तर नकोच.

हो, आणि दोन्ही टायरची तारीख सारखी आहे का बघितली? मघाशी सांगितलं म्हणून परत सांगू नको असं नाही. दुकानात गेल्यावर गप्पा होतात, चहा येतो, पोरगं जॅक लावतं, आणि तोपर्यंत एक टायर चढलेला असतो. मी तसाच फसलो. जॅक लावायच्या आधी खाली बसा, चार आकडे वाचा, फोटो काढा, बिलावर लिहून घ्या. रबरात नख दाबून बघा, ताज्या रबरात जरा रुततं. माझ्यात नख वाकलं असतं.

हवा. भरलेल्या गाडीची हवा आणि रिकाम्या गाडीची हवा वेगळी असते, गाडीच्या पुस्तकात दोन्ही दिलेत, पण कोण बघतो, हवावाला सगळ्यांना एकच दाबून भरतो. रिकामी गाडी फुल हवेवर म्हणजे मागचं चाक खडीवर टणाटण उडणार, टेकणारच नाही तर धरणार काय. चिखलात अडकलात तर अजून थोडी कमी करा, हळू बाहेर काढा, आणि डांबरावर आल्यावर परत भरा. परत भरायची विसरलात तर टायर तापून फुटतो.

वजन. पावसाळ्यात रिकाम्या फेरीला मागं दीड-दोनशे किलो ठेवा, एक्सलच्या वर, नीट बांधून. युरियाच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरा, पण अर्धीच भरा, पंचेचाळीस किलोच्या गोणीत वाळू काठोकाठ भरली की नव्वदच्या आसपास जाते आणि मग उचलायला घरचे सगळे लागतात. चार अर्ध्या गोण्या झाल्या की काम झालं. खताची भरलेली गोणी ठेवू नका, भिजली की पैसे पाण्यात.

फिटिंगला काय, ट्यूबवाला टायर असेल तर ट्यूब आणि फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) नवीन घ्या, बाण असेल तर दिशा बघा, अलाइनमेंट करा. नट शंभर किलोमीटरनंतर परत आवळा. पहिले दोनतीनशे किलोमीटर नवा टायर निसरडा असतो, घाई नको, घाट तर नकोच.

स्टेपनी त्याच साईजची पाहिजे. आणि तिची पण तारीख. हे लिहिता लिहिता उठून माझी बघून आलो, ४४१७.