अर्थशास्त्र मेजर घेताय? मग हे उरकून ठेवा

बारावीचा निकाल आणि कॉलेजची पहिली तासिका यांच्यात मिळणाऱ्या दिवसांत अर्थशास्त्र घेणाऱ्याने काय करून ठेवावं, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत कोणता निर्णय केव्हा दारात येतो, याची ही तयारी. सगळ्या गोष्टींना सारखं वजन नाही. काही कामं एका दुपारी उरकतात, काहींना दोन वर्षं लागतात, आणि नेमकी तीच आपण शेवटच्या सत्रावर ढकलतो.

सगळ्यात आधी अभ्यासक्रम वाचा. माहितीपत्रकातली नावं नकोत, विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची सत्रवार पीडीएफ उतरवून घ्या. बी.ए. इकॉनॉमिक्स, बी.एस्सी. इकॉनॉमिक्स आणि बी.कॉम.मधलं बिझनेस इकॉनॉमिक्स ही तीन वेगळी घरं आहेत. बी.एस्सी.त गणित आणि संख्याशास्त्र बहुधा पहिल्या वर्षापासूनच मानेवर बसतं. बी.ए.त ते एखाद-दुसऱ्या पेपरात येऊन जातं. बी.कॉम.चा कल धंद्याच्या निर्णयांकडे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजरबरोबर, म्हणजे मुख्य विषयाबरोबर, मायनर म्हणजे जोडविषय निवडावा लागतो, आणि इथे बहुतेक जण मैत्रिणीने घेतला म्हणून किंवा ‘स्कोरिंग’ म्हणून कशावर तरी टिक करून मोकळे होतात. तुमच्या कॉलेजात गणित किंवा संख्याशास्त्र मायनर म्हणून मिळत असेल तर दुसरा विचार करू नका. ‘आर्ट्सवाल्यांना ते मिळत नाही’ असं ऑफिसच्या खिडकीवर सांगतील. तिथून परत न फिरता अर्थशास्त्राच्या विभागप्रमुखांना गाठा, कारण वेळापत्रक जुळवता येतं की नाही हे त्यांनाच ठाऊक असतं. ते नाहीच जमलं तर भूगोल पाहा, विशेषतः नकाशांचं सॉफ्टवेअर शिकवत असतील तर. शेतीच्या आणि शहरांच्या अर्थशास्त्रात त्याचा भरपूर उपयोग होतो.

अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज हे जून-जुलैतच संपवा.

आता गणित. दहावीनंतर ते सुटलं म्हणून कला शाखा घेतली आणि कला शाखेत अर्थशास्त्र मिळालं, असा प्रवास पुष्कळांचा असतो. हरकत काही नाही, पण मग सुट्टीतला रोजचा एक तास गणिताला द्या. आलेख काढणं, उतार, लॉगॅरिदम, साधं डिफरन्सिएशन, संभाव्यता आणि जमलंच तर मॅट्रिक्स. अकरावी-बारावीची गणिताची सरकारी पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, सुरुवातीला तेवढी पुरतात. याची गरज का पडते ते एका उदाहरणात बघा. समजा एखाद्या वस्तूची मागणी म्हणजे १०० वजा किमतीची दुप्पट. किंमत १० रुपये असली तर ८० नग खपतील, ४० रुपये असली तर २०. कागदावर ही सरळ रेघ, उतार सगळीकडे तोच. पण लवचिकता काढली तर १० रुपयांवर ती ०.२५ येते आणि ४० रुपयांवर ४. म्हणजे खालच्या टोकाला किंमत एक टक्का वाढली तर मागणी पाव टक्का घटते, वरच्या टोकाला चार टक्के. मधे २५ रुपयांवर ती बरोबर १ होते आणि तिथेच विक्रीची एकूण रक्कम सर्वाधिक भरते, १,२५० रुपये. गाइडात हे तीन ओळींत दिलेलं असतं आणि पाठ करून मार्कही मिळतात. स्वतः डेरिव्हेटिव्ह घेऊन हा २५ चा आकडा काढता आला की समजा, पहिल्या सत्राचं निम्मं सूक्ष्म अर्थशास्त्र खिशात आलं.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी एक जास्तीचं काम करायचं. विद्यापीठाची परीक्षा मराठीतून देता येते आणि जरूर द्यावी, विचार आपल्या भाषेत स्वच्छ होतो. पण एम.ए., एम.एस्सी.च्या मोठ्या प्रवेश परीक्षांची प्रश्नपत्रिका मराठीत नसते आणि वाचायची बरीचशी सामग्री इंग्रजीतच आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन रकान्यांची वही ठेवा, एका बाजूला सीमांत खर्च, समोर मार्जिनल कॉस्ट. दुसऱ्या वर्षापासून आठवड्यातून एक उत्तर इंग्रजीत लिहून सरांना किंवा मॅडमना दाखवा. व्याकरणाची लाज बाळगायचं कारण नाही, आकृती बरोबर असली की निम्मं काम झालेलं असतं.

आकडे वाचायची सवय हे दुसऱ्या वर्षाआधी लावून घ्यायचं काम. अर्थसंकल्पाच्या आधी राज्य सरकार ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ प्रसिद्ध करतं. ती अर्थ व सांख्यिकी संचालनालयाच्या संकेतस्थळावर मराठीतच मिळते. पूर्ण वाचायचा हट्ट धरू नका. आपल्या जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न काढा, शेजारच्या जिल्ह्याशी ताडून बघा आणि फरक का असावा यावर एक पान लिहा. मग केंद्राच्या ई-सांख्यिकी पोर्टलवर जा, रोजगाराची नियतकालिक पाहणी, म्हणजे पीएलएफएस, उघडा आणि त्यात बेरोजगार नेमकं कोणाला म्हणतात ते व्याख्येतून वाचा. शेतात घरच्यांना बिनपगारी हातभार लावणारी बाई तिथे कामकरी धरली जाते हे पहिल्यांदा वाचताना बहुतेकांच्या भुवया उंचावतात. चालू किमती आणि स्थिर किमती (म्हणजे महागाई वगळून मोजलेल्या), टक्का आणि टक्के-बिंदू यांतला फरकही याच वेळी पक्का करा. फेब्रुवारी २०२५मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, ६.५० वरून ६.२५ टक्क्यांवर आला, ती पाव टक्के-बिंदूची कपात होती. मूळ दराच्या तुलनेत मोजाल तर ती जवळजवळ चार टक्क्यांची भरते. वर्तमानपत्रं ‘पाव टक्का’ लिहितात, त्यांना ते माफ आहे.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर आधी एक्सेल नीट येऊ द्या, पिव्होट टेबलसकट. त्यानंतर ‘आर’ हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. पायथॉन, स्टाटा, ‘डेटा सायन्स’चे महागडे कोर्स यांची घाई नको. ज्याला सरासरी आणि मध्यक यांतलं कधी काय वापरायचं हे कळत नाही, त्याला कुठलाही कोर्स तारत नाही.

आणि आता ज्याच्यासाठी सगळे अडून बसतात तो प्रश्न, स्पेशलायझेशन कशात करायचं. तिसऱ्या वर्षाचे ऐच्छिक पेपर, चौथ्या वर्षाचा प्रबंध आणि मग एम.ए. अशा टप्प्यांनी ही निवड घट्ट होत जाते. शाखांची नावं बघून ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नावं सगळीच भारदस्त असतात. त्यापेक्षा एकच घटना घ्या आणि तिच्यातला कुठला प्रश्न तुम्हाला जेवताना आठवतो ते बघा.

उदाहरण कांद्याचं. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलर टनाचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५पासून तेही गेलं. लासलगाव, पिंपळगावच्या बाजार समित्यांत या काळात लिलाव बंद पडणं, रास्ता रोको, सगळं झालं. यात शेती अर्थशास्त्राचा माणूस चाळीपाशी, म्हणजे कांदा साठवण्याच्या मांडवापाशी थांबतो. एप्रिल-मेमध्ये निघालेला उन्हाळ कांदा लगेच विकायचा की चाळीत भरून सप्टेंबरपर्यंत थांबायचं? वजन घटतं, सड लागते, सोसायटीचं कर्ज फेडायचं असतं. मग कोणाला थांबणं परवडतं? आंतरराष्ट्रीय व्यापारवाला विचारतो, शुल्काचा बोजा शेवटी दुबईच्या गिऱ्हाइकावर पडला की निफाडच्या शेतकऱ्यावर, आणि आपण बाजारातून बाहेर असताना आपली जागा कोणी घेतली. औद्योगिक संघटनेचा (इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेचा) अभ्यासक लिलावात बोली लावणारे व्यापारी मोजतो आणि ते एकमेकांना धरून आहेत का, हे बघतो. चलनविषयक धोरणवाल्याला कांद्यात रस महागाईपुरता. २०१२ हे पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा वाटा जवळपास ४६ टक्के होता, त्यामुळे कांदा-टोमॅटो भडकले की चार टक्क्यांचं लक्ष्य सांभाळणाऱ्या रिझर्व्ह बँकेलाही घाम फुटतो. सार्वजनिक आयव्ययवाला, म्हणजे सरकारी जमाखर्च अभ्यासणारा, सरकारसाठी कांदा घेणाऱ्या नाफेड या सहकारी संस्थेच्या खरेदीचा हिशेब मागतो. अर्थमितीवाला, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक कारणं तपासणारा, सगळ्यांना अडवून म्हणतो, थांबा, डिसेंबरात भाव पडले ते बंदीमुळे कशावरून? त्याच सुमाराला लाल कांद्याची आवक वाढते, भाव तसेही उतरतात. बंदी नसती तर किती उतरले असते ते आधी सांगा.

यातला शेवटचा प्रश्न ज्याला चावतो त्याने संख्याशास्त्र वाढवावं. अर्थमितीला मी वेगळी शाखा मानत नाही, ते हत्यार आहे आणि कुठल्याही शाखेत लागतंच. पण काहींना त्या हत्याराचीच गोडी लागते, त्यांनी त्यातच राहावं. चाळीपाशी थांबणाऱ्याला गावोगाव फिरायची, तासन्‌तास ऐकत बसायची तयारी हवी. चलनविषयक धोरणात दिवस तक्ते आणि अहवाल यांत जातो, माणसं फारशी भेटत नाहीत. आयव्ययात सरकारी कागद वाचण्याचा चिवटपणा लागतो, अर्थसंकल्पाची ‘मागणी क्रमांक’ असलेली पुस्तकं कंटाळा न येता चाळता आली पाहिजेत. वर्तनवादी अर्थशास्त्र, म्हणजे माणसं प्रत्यक्षात निर्णय कसे घेतात याचा अभ्यास, सध्या भलतंच लोकप्रिय आहे, गोष्टी छान असतात त्यात. पण प्रयोगाची रचना आणि सांख्यिकी चाचण्या शिकायची तयारी असेल तरच तिकडे वळा. फायनान्सकडे निम्मा वर्ग जातो. पगार बघून जाण्यात गैर काही नाही, मात्र तिथे बी.कॉम., सी.ए. आणि इंजिनीअर यांच्याशी स्पर्धा आहे हे धरून चाला.

विकासाचं अर्थशास्त्र निवडणाऱ्याला महाराष्ट्रात सामग्रीची ददात नाही. १९३०मध्ये पुण्यात सुरू झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगिळांपासून जिल्हा पाहण्यांची परंपरा आहे. तिथल्याच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा हिशेब उष्मांकांवरून मांडला. रोजगार हमीचा कायदा राज्याने १९७७ साली केला, देशपातळीवरचा कायदा २००५ साली आला. हे वाचून ठेवाच, मुलाखतीत विचारतात म्हणून नाही तरी.

चौथ्या वर्षाला थांबायचं की तिसऱ्यानंतर निघायचं, हा निर्णय पाचव्या सत्रात घ्या. चार वर्षांनंतर एम.ए. एका वर्षात होऊ शकतं, तीन वर्षांनंतर दोन वर्षं लागतात, म्हणजे काळ तेवढाच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) चौकटीत चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, तेव्हा पहिल्या वर्षाचे मार्क ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. तुमच्या कॉलेजात प्रबंधाला मार्गदर्शक कोण, याची खात्री करूनच थांबा.

प्रबंधाचा विषय लहान घ्या. ‘भारतातील बेरोजगारी’ हा विषय ऐकला की परीक्षकही जांभई देतात. बीडच्या एखाद्या गावातल्या ऊसतोड कामगारांची उचल हा विषय बघा. मुकादम हंगामाआधी कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला, रक्कम देतो आणि ती तोडणीतून फिटते. प्रश्नावलीत ‘तुमचं मासिक उत्पन्न किती’ असं विचाराल तर उत्तर येणार नाही किंवा खोटं येईल, कारण महिना हा त्यांच्या हिशेबाचा काळच नाही. उचल किती घेतली, कधी घेतली, किती टन तोडले, टनाला काय दर धरला, हंगाम संपताना किती अंगावर राहिली, असं विचारा. उत्पन्न तुम्ही काढा. आणि बाईला तिच्यासमोर नवरा नसताना विचारा, आकडे बदलतात. गावात दिवाळीआधी जा, नंतर गेलात तर घरांना कुलपं.

प्रवेश परीक्षांचा पसारा मोठा वाटतो, पण वेळापत्रक समजलं की सोपा आहे. आयआयटीसारख्या संस्थांच्या एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेत अर्थशास्त्राचा पेपर २०२१पासून आहे. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात, परीक्षा फेब्रुवारीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. भारतीय सांख्यिकी संस्थेची परीक्षा सगळ्यात कठीण, तिचा एक पेपर गणिताचाच. गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने १९८७मध्ये काढली, कलिन्याला मुंबई विद्यापीठाचं स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी आहे, पुण्यात गोखले आहेच. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका चौथ्या सत्राच्या सुट्टीत सोडवून बघा, पास होण्यासाठी नव्हे, कुठे भोकं आहेत ते दिसावं म्हणून. भारतीय आर्थिक सेवा डोळ्यासमोर असेल तर ती यूपीएससी घेते, त्यासाठी अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते आणि जागा अगदी मोजक्या निघतात. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागाची भरतीही पदव्युत्तरांसाठीच. घरी हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पदवी होताच ‘आता नोकरी कधी’ हा प्रश्न जरा उशिरा येईल.

शिफारसपत्र मागायचं असेल तर अर्जाच्या आदल्या रात्री मेसेज टाकू नका. निदान महिनाभर आधी सरांना प्रत्यक्ष भेटा, सोबत गुणपत्रकं, प्रबंधाचं एक पानी टिपण आणि प्रत्येक संस्थेची शेवटची तारीख एका कागदावर लिहून द्या. आणि तारखेच्या चार दिवस आधी आठवण करा, त्यांनाही पेपर तपासायचे असतात.