कॉम्पॅक्ट हायब्रिड एसयूव्ही घरात आणल्यावर: अ‍ॅव्हरेज, घाट, पावसाळा आणि दोन बॅटऱ्या

टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या 2022 मध्ये आलेल्या जोडगोळीचे स्ट्राँग हायब्रिड (थोडे अंतर नुसत्या विजेवरही धावणारे) मॉडेल डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. दीड लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, चाके फिरवणारी विद्युत मोटर आणि जेमतेम 0.76 किलोवॅट-तासाची लिथियम बॅटरी, एवढाच हा संसार. गाडी चार्जिंगला लावायची नसते. बॅटरी इंजिन भरते, आणि वेग कमी होताना किंवा उतारावर चाकांना रोध करून मोटरही भरते. बॅटरी लहान असते, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. पुढच्या बहुतेक सूचना त्यातूनच निघतात.

घेण्याआधी डिक्की मोजा. बॅटरी मागे बसवल्यामुळे स्ट्राँग हायब्रिडमध्ये सुमारे 265 लिटर जागा उरते. त्याच गाडीच्या माइल्ड हायब्रिड (मोटर इंजिनला नुसता हातभार लावते अशा) मॉडेलमध्ये ती 373 लिटर आहे. बाळाची ढकलगाडी, आजी-आजोबांचा वॉकर, गावी जातानाच्या दोन मोठ्या बॅगा, जे नेहमी न्यावे लागते ते शोरूममध्ये नेऊन डिक्कीत ठेवून पाहा. हिशेबही आधीच करा. महिन्याला 1,000 किलोमीटर शहरात फिरणे असेल आणि साध्या ऑटोमॅटिकचे अ‍ॅव्हरेज 12, हायब्रिडचे 20 धरले, तर 83 ऐवजी 50 लिटर पेट्रोल लागते. लिटरला 104 रुपये दर धरला, तर महिन्याला साधारण 3,400 रुपये वाचतात. किमतीतल्या फरकाला या आकड्याने भागा. फिरणे बहुतांशी महामार्गावर असेल तर बचत बरीच आटते, कारण सलग 100 च्या वेगात इंजिन जवळपास सतत चालते.

कंपनीचा 27.97 हा चाचणीतला आकडा आहे, रस्त्यावर तो धरून चालू नका. खरे अ‍ॅव्हरेज टाकी फुल करून, पुन्हा फुल करून, भरलेल्या लिटरने किलोमीटरला भागूनच काढा.

अ‍ॅव्हरेज बिघडते ते बहुधा दोन सवयींमुळे. पहिली, इंजिन सुरूच होऊ नये म्हणून पाय चोरत मुंगीच्या गतीने वेग घेणे. त्याने बॅटरी रिकामी होते, मग ती भरायला इंजिन चालते, आणि पेट्रोलची वीज, विजेची पुन्हा गती या प्रत्येक पायरीवर ऊर्जा वाया जाते. त्यापेक्षा हवा तो वेग नेटाने गाठा, क्षणभर पाय उचला आणि मग हलकेच दाबा. गाडी विजेवर जाते. दुसरी, दोन-दोन किलोमीटरच्या सुट्या फेऱ्या. थंड इंजिन आधी स्वतःला आणि सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टला तापवते, तेव्हा बॅटरी भरलेली असली तरी ते चालणारच. शाळा, भाजी, बँक ही कामे एकाच फेरीत उरका.

सिग्नलवर किंवा जाममध्ये गिअर एन (न्यूट्रल) वर टाकू नका. एन मध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी मात्र तिच्यावरच चालतो. डी मध्ये ब्रेक दाबून थांबा. उभ्या गाडीत इंजिन मधूनच घरघरले तर तो बिघाड नव्हे, बॅटरी भरणे चालू आहे.

घाट उतरताना

डी (नेहमीचा पुढे जाण्याचा गिअर) आणि बी (उतारावर इंजिनाचाही रोध घेणारा) यांतला फरक इथे कळतो. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत साधारण 500 मीटर उंची उतरते. माणसे आणि सामान धरून गाडी 1,600 किलोची मानली, तर दर 100 मीटर उताराला सुमारे 0.44 किलोवॅट-तास ऊर्जा सुटते. घर्षण आणि हवेचा विरोध यांचा वाटा वजा केला, तरी इवलीशी बॅटरी घाट संपायच्या कितीतरी आधीच भरते. भरली की मोटरचा रोध कमी होतो आणि सगळा भार ब्रेक पॅडवर येतो. म्हणून लांब उतार सुरू होतानाच बी लावा. इंजिन जोरात फिरू लागेल, आवाज वाढेल. घाबरू नका, जास्तीची ऊर्जा तिथे खपते आहे. सपाटीला येताच डी वर परत या. बी मध्ये जास्त वीज साठते म्हणून रोज बी मध्येच चालवण्याचा सल्ला अनेकजण देतात, तो चुकीचा आहे. त्याने अ‍ॅव्हरेज घटते.

मोठ्या बॅटरीचा श्वास

हायब्रिड बॅटरीला केबिनमधली हवा थंड ठेवते. हवा आत घेणारी जाळी मागच्या सीटच्या आसपास असते. मॅन्युअलमधल्या चित्रावरून तिची नेमकी जागा शोधा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. दप्तर, उशी, टॉवेल, ओला रेनकोट तिच्यावर ठेवायचा नाही. कुत्रे मागे बसत असेल तर केस जाळीत अडकतात. पंख्याचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येऊ लागला की जाळी साफ करून घ्या. प्रत्येक सर्व्हिसिंगला हे काम सांगून करवून घ्या, सांगितल्याशिवाय ते राहून जाते. उन्हात तापलेल्या गाडीत आधी काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा. थंडावा माणसांइतकाच बॅटरीलाही हवा असतो.

मोठ्या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी असते. रस्त्यात दगा देते ती लहान 12 व्होल्टची. गाडीतला संगणक आणि मोठी बॅटरी जोडणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) तिच्यावर जागे होतात, त्यामुळे ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म हलत नाही. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहणे आणि डॅशकॅम पार्किंग मोडवर चालू ठेवणे ही नेहमीची कारणे. आठवड्यातून एकदा 40 मिनिटे चालवा. ते जमत नसेल तर उघड्या जागी, पी मध्ये, रेडी दिवा (गाडी चालू असल्याची डॅशबोर्डवरची खूण) लावून तासभर ठेवा. रेडी नसताना नुसते गाणे लावून बसलात तर ती उलट उतरते. रिमोटने दार उघडत नसेल तर किल्लीच्या पोटातली धातूची चावी वापरा. जम्प स्टार्ट (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडून चालू करणे) घेता येतो, पण दुसऱ्या गाडीला या गाडीवरून देऊ नका.

रेडी दिव्याबद्दल घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः ज्येष्ठांना, बजावून सांगा. गाडी चालू असूनही आवाज नसतो, त्यामुळे बंद केल्याचे समजून लोक उतरतात. मग मुलाने ब्रेक दाबून गिअर हलवला तर गाडी निघू शकते. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन आपोआप सुरू होऊन कार्बन मोनॉक्साइड साठतो, तो जिवावर बेततो. क्रम ठरवा: पी, पार्किंग ब्रेक, पॉवर बटण, रेडी दिवा विझल्याची खात्री, आणि मगच दार.

सर्व्हिसिंग 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा. इंजिन कमी चालते म्हणून ऑइल लांबवू नका. वारंवार बंद-चालू होणाऱ्या, पुरते न तापणाऱ्या इंजिनात ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी मिसळते. कूलंटच्या दोन टाक्या असतात, एक इंजिनची, दुसरी इन्व्हर्टरची (बॅटरीची वीज मोटरला योग्य रूपात देणारे यंत्र). दुसरीकडे लक्ष जात नाही, दोन्हींची पातळी पाहा. ब्रेक कमी वापरले जात असल्याने पॅड खूप टिकतात, पण त्यामुळेच कोकणात आणि पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात. वर्षातून एकदा त्या काढून, साफ करून, ग्रीस लावून घ्या.

पावसाळ्यात पाणी सीटखालपर्यंत चढले असेल तर बटण दाबून पाहू नका आणि मोठ्या बॅटरीच्या जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलला हात लावू नका. उंदरांनी ती कुरतडली असेल तरीही वर्कशॉपलाच बोलवा. गाडी न्यायची ती फ्लॅटबेडवरच, म्हणजे चारही चाके वर चढवणाऱ्या ट्रकवर. पुढची चाके जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरून वीज तयार होते आणि महागडे नुकसान होते. विमा घेताना इंजिन संरक्षणाच्या अ‍ॅड-ऑनमध्ये हायब्रिड बॅटरी आणि इन्व्हर्टर धरले आहेत का, हे पॉलिसीच्या कागदावर वाचून घ्या.