बेळगाव भागात छोटा धंदा करताय? भाव, उधारी आणि बॉर्डरपलीकडचं बिल कसं सांभाळायचं

आपल्या भागातला धंदा बाहेरच्याला लवकर कळत नाही. शनिवारी खडेबाजारात जरा उभं राहून बघा, एकाच दुकानात बैलहोंगलकडचं कन्नड बोलणारं गिऱ्हाईक, चंदगड-कोवाडहून आलेली मंडळी आणि लग्नाचा बस्ता बांधायला आलेले गोव्याचे लोक, तिन्ही राज्यं एका काउंटरवर. पुण्यातल्या दुकानदाराला हे फुकटात मिळत नाही ओ. पण याच्यामुळंच आपला हिशोब आणि कागद बाकीच्यांपेक्षा जरा जास्त सांभाळायला लागतो, आणि तिथंच आपले लोक ढिले पडतात. मी हिशोबाची आणि रिटर्नची कामं करतो, शहापूर-वडगावचे घरगुती धंदेवाले, उद्यमबाग इंडस्ट्रियल एरियातले लेथवाले असं सगळं येतं माझ्याकडं. धंदा बसला असं म्हणत जे येतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा माल एकदम चांगला असतो, घोळ असतो तो भाव लावण्यात, उधारीत नाहीतर बिलात.

आधी भाव. समजा एक ताई घरात शेंगाचटणी करतात. दहा किलोची एक खेप धरूया. शेंगदाणे नऊ किलो, 140 नं 1260. ब्याडगीचं तिखट अर्धा किलो 200, लसूण 150, तेल-मीठ-साखर 90. झाले 1700. आता बहुतेक जणी इथंच थांबतात, 1700 ची पाव किलोची चाळीस पाकिटं म्हणजे पाकिटाला साडेबेचाळीस रुपये, मग साठला विकलं तर साडेसतरा सुटले असं म्हणून खूश. पण भाजायला गॅस लागला 80, डंकावर कुटायला 120, पाकीट आणि लेबल तीन रुपयांप्रमाणं 120, दुकानात पोचवायला पेट्रोल 100. आणि दिवसभर भाजण्यापासून पॅकिंगपर्यंत जी बाई राबली तिची हजेरी? ती घरचीच म्हणून शून्य धरायची व्हय? तिला 400 धरा. सगळं मिळून 2520, म्हणजे पाकिटाला 63 रुपये. साठ छापलं आणि दुकानदारानं वीस टक्के कापले की तुमच्या हातात 48. प्रत्येक पाकिटामागं 15 रुपये आपल्याच घरातनं जातात, आणि वर लोक म्हणतात ताईंचं चांगलं चाललंय की! हे पाकीट शंभरलाच विकायला पाहिजे, दुकानदाराचे वीस गेले, तुम्हाला ऐंशी, सतरा रुपये सुटले, त्यातनंच न खपता परत आलेली पाकिटं पण भागवायची.

शंभरला कोण घेणार, असं लगेच म्हणू नका. आधी दहा पाकिटं ठेवून बघा. आणि अगदीच जात नसतील तर पाकीट दोनशे ग्रॅमचं करा, दुकानदाराला टाळून थेट गिऱ्हाईकाला द्या, पण हजेरी काढून टाकून भाव उतरवू नका. हजेरी निघत नसेल तर तो धंदा नाही, फुकटची राबणूक आहे. पाकिटावर वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खायचं, पत्ता आणि फूड रजिस्ट्रेशनचा (एफएसएसएआयचा) नंबर पाहिजेच, घरगुती आहे म्हणून सूट नसते. छोट्या धंद्याला नुसतं रजिस्ट्रेशन पुरतं आणि ऑनलाइन होतं.

मग पैसे ठेवायचे कुठं. गल्ल्यातनं भाजी आणायची, गल्ल्यातनंच पोराची फी भरायची, आणि महिन्याच्या शेवटी म्हणायचं धंद्यात काय राहत नाही ओ. धंद्याचं बँक खातं वेगळं काढा, क्यूआर त्याच खात्याचा लावा, आणि घरखर्चाला ठरावीक रक्कम महिन्याला उचला, पगार म्हणून. रोजची शिल्लक पिग्मीत टाका. पिग्मी ही आपल्याच कर्नाटकातली आयडिया, सिंडिकेट बँकेनं 1928 मध्ये सुरू केली, रोज एजंट दारात येणार आणि थोडे थोडे घेऊन जाणार. व्याज फार नसतं, पण दारात माणूस आला की पैसे बाजूला पडतातच, आणि पुढं सोसायटीत कर्ज मागायला गेलात तर तुमचं पिग्मीचं पासबुकच तुमच्या बाजूनं बोलतं. फक्त भरल्याची पावती नाहीतर मेसेज रोजच्या रोज बघा, आणि सगळी पुंजी एकाच सोसायटीत ठेवू नका.

खातं वेगळं काढा हे मी इतकं का सांगतोय त्याला कारण आहे. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकात टॅक्स खात्यानं यूपीआयचे आकडे बघून हजारो छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या, बेंगळुरात तर लोकांनी क्यूआर काढून फक्त कॅशचे बोर्ड लावले. नियम जुनाच आहे, मालाचा धंदा असेल तर वर्षाला 40 लाखांच्या वर आणि सर्व्हिसचा असेल तर 20 लाखांच्या वर गेलात की जीएसटी नंबर घ्यायला लागतो. दूध, भाजी असला टॅक्स नसलेला मालच फक्त विकत असाल तर नंबर लागत नाही, पण त्याच्या जोडीला बिस्किटं, साबण ठेवलात की मग दूध-भाजीची विक्री पण त्या 40 लाखांत मोजतात, हे कुणी सांगत नाही. क्यूआर काढून काही होत नाही, कॅशची विक्री पण विक्रीच असते. खरी अडचण वेगळीच होते. भिशीचे पैसे त्याच क्यूआरवर, मेहुण्याकडनं हातउसने घेतलेले त्याच क्यूआरवर, पोरीच्या लग्नाचा आहेर पण त्याच क्यूआरवर, आणि मग नोटीस आली की यातलं धंद्याचं कुठलं हे सांगता सांगता घाम फुटतो.

आता बॉर्डर. इथं जरा हळू वाचा, कारण हे आपल्यालाच जास्त लागतं. ती 40 लाखांची सूट राज्याच्या आतल्या विक्रीला आहे. टॅक्स लागणारा माल तुम्ही दुसऱ्या राज्यात पाठवलात की पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर पाहिजे. चंदगडचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानात आलं, पैसे दिले, पिशवी घेऊन गेलं, तर ती आपल्या काउंटरवरची साधी विक्री. पण वेंगुर्ला रोडनं शिनोळीच्या दुकानदाराला तुम्ही टेम्पोत दहा पाकिटं घालून पाठवली, तर ती महाराष्ट्रातली विक्री, भले शिनोळी तुम्हाला बैलहोंगलपेक्षा जवळ असो. निपाणीकरांचं कागलला असंच, खानापूरवाल्यांचं गोव्याला असंच. आपण रोज जातो-येतो म्हणून आपल्या डोक्यात ती बॉर्डर नसते, पण बिलात असते.

कंपोझिशनवाल्यांनी तर आणखी बघून चाला. दीड कोटीपर्यंत विक्री असली तर कंपोझिशन, म्हणजे विक्रीवर थोडा ठरावीक टॅक्स भरायची जीएसटीची सोपी स्कीम, घेता येते, दुकानदाराला आणि माल बनवणाऱ्याला एक टक्का टॅक्स, हिशोब सोपा, पण त्यात राज्याबाहेर माल विकताच येत नाही. कोल्हापूरची पार्टी मिळाली म्हणून पेढे वाटायच्या आधी आपला नंबर कंपोझिशनचा आहे का रेग्युलर हे बघून घ्या, आणि पार्टी रोजची होणार असेल तर सरळ रेग्युलरमध्ये या. रेग्युलरमध्ये महाराष्ट्राच्या बिलाला आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा) लावायचा, सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या विक्रीचा) नाही, बिलबुकात हे नेहमी उलटं पडतं आणि मग समोरच्या पार्टीला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळत नाही म्हणून ती पेमेंट अडकवून ठेवते. पन्नास हजारांच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल, म्हणजे गाडीसोबत लागणारा ऑनलाइन काढलेला कागद. जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडनं काम करून घ्यायला, माल राज्याबाहेर जात असेल तर किंमत कितीही असू दे, ई-वे बिल पाहिजेच, उद्यमबागवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा, गाडी रस्त्यात अडकली की दंड मालाच्या किमतीएवढा वाटायला लागतो. सर्व्हिसवाल्यांना एवढा त्रास नाही, डिझाइन, रिपेरी, क्लासेस असलं काम 20 लाखांपर्यंत दुसऱ्या राज्यात नंबर न घेता करता येतं. आणि ऑनलाइन साइटवर माल विकायचा असेल तर 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्यांना जीएसटी नंबर न घेता विकता येतो, पण कर्नाटकातल्या कर्नाटकातच.

उधारीचं काय सांगू. आपल्याकडं उधारी बंद असा बोर्ड लावला तर दुसऱ्या दिवशी अर्धं गाव समोरच्या दुकानात. खेड्यातलं गिऱ्हाईक उसाचं बिल आल्यावर देतो म्हणतं, नाहीतर सुगी झाल्यावर, आणि त्यातले बरेच जण खरंच देतात पण. तेव्हा बंद करू नका, बांधून घाला. प्रत्येकाची एक लिमिट ठरवा आणि ती मनात नको, वहीत नावापुढं लिहा. माल दिला की पानाचा फोटो काढून त्याच वेळी व्हॉट्सॲपवर पाठवा, आठ महिन्यांनी एवढं कुठलं ओ असं होत नाही. मागायला लाजू नका. कारखान्याचं बिल कधी जमा होणार हे गावात सगळ्यांना माहीत असतं, त्याच आठवड्यात फोन करायचा, पंधरा दिवसांनी नाही, तोपर्यंत पैसे बी-बियाणं, सोसायटी आणि पाहुण्यांकडं गेलेले असतात. आणि लिमिट संपलेला पुन्हा आला तर हसून एवढंच, "अण्णा, मागचं अर्धं तरी मिटवा की, मग काय पाहिजे ते घेऊन जावा." चिडायचं नाही. चिडून गेलेलं गिऱ्हाईक पैसे पण घेऊन जातं.

लेथवाले, पावडर कोटिंगवाले, फाउंड्रीला पार्ट करून देणारे यांची उधारी वेगळी, तिथं समोर मोठी कंपनी असते आणि पेमेंट नव्वद दिवसांनी. तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, केलंय का? 1 जुलै 2020 पासून चालू आहे, आधारवर होतं, एकदम फुकट, हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटच्या नादाला लागू नका. तो नंबर बिलावर छापा. मायक्रो आणि स्मॉल युनिटला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, आणि 1 एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्समध्ये पण असं झालंय की त्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च धरता येत नाही. म्हणून मार्च जवळ आला की अकाउंट्सवाल्यांना याची गोड भाषेत आठवण करून द्या, बघा कसा फोन येतो. पेमेंट अडकलं तर सरकारी पोर्टलवर तक्रार पण करता येते, पण रोजचं काम देणाऱ्यावर तक्रार टाकताना माणूस दहा वेळा विचार करतो, ते मी समजू शकतो. हे माल बनवणाऱ्यांना आणि सर्व्हिसवाल्यांना आहे हां, नुसता माल घेऊन विकणाऱ्या ट्रेडरला नाही.

कर्जाला सावकाराकडं जायच्या आधी मुद्रा बघा, शिशु 50 हजारांपर्यंत, पुढं 5 लाख, 10 लाख, आणि जुनं नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत. सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, चांभार, खानापूरचे कुंभार यांना विश्वकर्मा योजना आहे, 18 व्यवसाय त्यात येतात, पहिल्यांदा 1 लाख आणि नंतर 2 लाख, व्याज 5 टक्के. मॅनेजर पहिल्या फेरीत हो म्हणेल असं धरून जाऊ नका. वर्षभराचं खात्याचं स्टेटमेंट, उद्यमचा कागद आणि पैसे कुठं घालणार याचं एका पानाचं कोटेशन घेऊन जावा, अर्धं काम तिथंच होतं.

बोर्डाचं पण सांगून टाकतो, वाद घालायला नाही तर दंड वाचवायला. कर्नाटकात बोर्डावर 60 टक्के कन्नड पाहिजे आणि ते वरच्या भागात, हा 2024 पासूनचा नियम आहे. खाली मराठी लिहा की, कोण नको म्हणतंय. आणि दुकानात पोरगं ठेवाल ते दोन्ही भाषा बोलणारं ठेवा. "बर्री, एन बेकु?" (या, काय पाहिजे?) एवढं म्हटलं तरी सौंदत्तीची अक्का खुर्ची ओढून बसते आणि दोनाच्या जागी चार साड्या बघते. आंदोलन, बंद, एसटी बंद हे आपल्याला वर्षाला एकदा-दोनदा, विशेषतः 1 नोव्हेंबरच्या सुमाराला, बघायला लागतंच, त्या दिवसांत कोल्हापूरहून येणारा माल अडकतो, म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत दहा-बारा दिवस पुरेल इतका चालता माल भरून ठेवा, फार नको, दिवाळीनंतर पडून राहतो.

राहिलं रिटर्न. जीएसटी नंबर घेतला आणि धंदा दोन महिने बंद ठेवला, विक्री शून्य, तरी रिटर्न भरायलाच लागतं, नाही भरलं तर रेग्युलरवाल्याला निल रिटर्नला पण दिवसाला 20 रुपये लेट फी चढते. धंदा कायमचा बंद करणार असाल तर नुसतं शटर ओढून चालत नाही, नंबर कॅन्सल करायचा अर्ज टाका, आणि रेग्युलरवाल्यांनी नंबर कॅन्सल झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत फायनल रिटर्न भरा.