हृदयाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

सोलापुरात एमएस्सीच्या मुलांना गणिताचे प्रोजेक्ट करताना मी बघतो. विषय ‘कमकुवत हृदय’ असला की बहुतेक जण एकच आकडा खाली आणतात: इलॅस्टन्स, म्हणजे आकुंचन पावलेल्या स्नायूचा ताठपणा. बाकी सगळं निरोगी माणसाचंच राहतं. सगळ्यात मोठी चूक हीच.

एका विद्यार्थिनीने इलॅस्टन्स 2.5 वरून 1 केला. एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त 70 मिलीवरून 45 वर आलं आणि आकुंचनाच्या शेवटचा दाब 105 वरून 67 वर. ती म्हणाली, “सर, माझ्या वडिलांचं पंपिंग 35 टक्के आहे, तरी ते रोज यंत्रमागावर जातात की! 67 बीपीचा माणूस उभा तरी राहील का?”

(पंपिंग म्हणजे ठोक्याआधी कप्प्यात असलेल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडतं ते.) तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. हृदय थकलं की शरीर गप्प बसत नाही. मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं, रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात, आणि काळानुसार डावा कप्पा मोठा होतो. ठोक्याआधी कप्प्यात 122 मिली रक्त धरलं होतं, ते आम्ही 185 केलं. बाहेर पडणारं रक्त पुन्हा 70, दाब 105, पंपिंग 38 टक्के! वडिलांच्या इकोच्या कागदावर ‘डावा कप्पा मोठा’ असं लिहिलेलं तिला तेव्हा आठवलं. त्यामुळे भरण आणि रक्तवाहिन्यांचा विरोध मॉडेलमध्ये बदलू द्याच.

पंपिंगची टक्केवारी म्हणजे स्नायूची ताकद, असंही धरू नका. डाव्या कप्प्यात रक्त आत घेणारी मायट्रल झडप गळत असेल तर रक्त मागे जातं आणि टक्केवारी फसवी चांगली दिसते. काहींचं पंपिंग 50 च्या वर असूनही हार्ट फेल्युअर असतं, कारण स्नायू सैल व्हायलाच तयार नसतो. तिथे भरणाची रेषा, म्हणजे कप्पा भरताना आकारमानाबरोबर दाब कसा वाढतो ती, सरळ धरून चालत नाही, घातांकी वक्र घ्या.

एककांकडेही बघा. दाब मिमी पारा आणि आकारमान मिली असेल, तर गुणाकाराला 0.000133 ने गुणल्यावर ज्यूल मिळतात. निरोगी डाव्या कप्प्याचं एका ठोक्याचं काम साधारण 1 ज्यूल येतं. 100 आलं तर कोड तपासा.

आणि पहिल्या ठोक्यांचे आलेख छापू नका. लागोपाठच्या दोन ठोक्यांचे आकडे जुळेपर्यंत मॉडेल चालू द्या.