अमेरिकेत आई-वडिलांच्या व्हिजिटर व्हिसाची मुदत वाढवायची असेल तर

मी सांगलीची. पोस्टात काउंटरवर तीस वर्षं काढली, त्यामुळे फॉर्मची भीती कधी वाटली नाही. पण २०२५ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत लेकीच्या घरी पायऱ्या उतरताना आमचे हे घसरले आणि घोटा मोडला. प्लेट बसवावी लागली. सप्टेंबरपर्यंत लांबचा विमानप्रवास नको, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि माझ्या पोटात गोळा आला. परतीचं तिकीट ५ ऑगस्टचं होतं.

विश्रामबागेतून शेजारच्या वहिनींचा फोन आला, "व्हिसा दहा वर्षांचा आहे ना, मग राहा की निवांत!" हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे, म्हणून आधी तेच सांगते. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेक वेळा सहा महिने. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पासपोर्टवर हल्ली शिक्का मारतीलच असं नाही. सीमा शुल्क खात्याच्या आय-९४ च्या संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर घातला की तारीख दिसते. आमची होती ११ ऑगस्ट. उतरल्याच दिवशी ती छापून फ्रिजवर लावा. आम्ही ती पाहिली पाय मोडल्यावर, हे चुकलंच.

मुदतवाढीचा फॉर्म आय-५३९. तो तिथे असतानाच, तारीख उलटायच्या आत भरायचा. ४५ दिवस आधी भरावा, असं त्यांचं इमिग्रेशन खातंच सांगतं. आमच्या हिशेबाने २७ जून येत होती, आम्ही २२ ला भरला. ऑनलाइन फी ४२० डॉलर, कागदावर भरला तर ४७०. नवरा-बायको एकाच अर्जात बसतात आणि फीही एकच लागते. कागदी अर्ज असेल तर जोडीदाराचा आय-५३९ए वेगळा भरून त्यावर त्याचीच सही घ्यायची.

खरं काम असतं सोबतच्या पत्राचं. का राहायचंय, किती दिवस, खर्च कोण करणार आणि परत जाणार हे कशावरून, या चार गोष्टी त्यात स्पष्ट हव्यात. आम्ही डॉक्टरांचं पत्र जोडलं, लेकीची पगारपत्रकं आणि बँकेचे उतारे जोडले, माझं पेन्शनचं पासबुक जोडलं. परत जाण्याचं कारण आमच्याकडे सोळा आणे खरं होतं. तासगावला द्राक्षबाग आहे आणि ऑक्टोबरची फळछाटणी ह्यांच्याशिवाय होत नाही. म्हणून सातबारा जोडला. मराठी कागद जोडला तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि ते अचूक असून आपल्याला दोन्ही भाषा येतात असं भाषांतर करणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. जावईबापूंच्या एका मराठी मित्राने ते केलं. 'पोटखराबा' या एका शब्दावर दोघं रात्री अर्धा तास बसले होते, शेवटी 'लागवडीला अयोग्य क्षेत्र' अशा अर्थाचं लिहिलं.

मुदत गरजेपुरतीच मागा. सहा महिने मिळू शकतात म्हणून सहा मागायचे नाहीत. आम्ही २५ सप्टेंबरपर्यंतची मागितली आणि तिकीट बदलून २३ चं केलं, त्याचीही प्रत लावली. विमा मात्र वेगळा. तो सहा महिन्यांचाच घेतलेला असतो, संपायच्या आत वाढवून घ्या. तिथल्या दवाखान्याचं बिल आपल्या आयुष्याची पुंजी खाऊन टाकतं.

अर्ज पोचला की पावती येते, तीन अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर असलेली. ती जिवापाड जपा. अर्ज वेळेत गेला असेल तर ११ ऑगस्ट उलटली तरी निर्णय येईपर्यंतचं राहणं बेकायदा धरत नाहीत. पण नकार आला तर लगेच निघायचं, तिथे रेंगाळायचं नाही. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला तर तीन वर्षं आणि वर्षाच्या वर गेला तर दहा वर्षं पुन्हा येता येत नाही. अर्ज न करता नुसतंच राहिलं तर हातातला व्हिसाही बाद होतो. नातवंडांचं तोंड बघायचं दार आपण आपल्या हाताने बंद करू नये, एवढंच माझं कळकळीचं सांगणं आहे.

आमच्या अर्जाचा निर्णय आम्ही तिथून निघेपर्यंत आलाच नव्हता. असं झालं तरी मागितलेल्या तारखेच्या आत निघायचं. आम्ही २३ ला निघालो. घरी आल्यावर पावती, अर्जाची प्रत, डॉक्टरांचं पत्र आणि दोघांचे बोर्डिंग पास एका फाइलमध्ये घातले. पुढच्या खेपेला विमानतळावर मागच्या मुक्कामाबद्दल विचारलं तर दाखवता यावी, म्हणून ती फाइल हातपिशवीतच घेणार आहे, मोठ्या बॅगेत नाही.